मेगाकॅरिओसाइट्स वाढलेल्या आणि प्लेटलेट मात्र १४ हजार, हे कसं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुमची बहीण ३१ वर्षांची. पायांवर बारीक लाल ठिपके उठले म्हणून रक्त तपासलं, प्लेटलेट १४ हजार निघाल्या. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी व्यवस्थित. स्टेरॉइडवर काउंट चढला, डोस उतरवला की पुन्हा घसरला, म्हणून बोन मॅरोची, म्हणजे हाडाच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाची, तपासणी केली. रिपोर्टात लिहिलंय की मेगाकॅरिओसाइट्स, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी, वाढलेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच अपरिपक्व आहेत आणि त्यांच्यापासून प्लेटलेट सुटताना फारशा दिसत नाहीत. निदान आयटीपी, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. एल्ट्रोम्बोपॅग हे प्लेटलेट वाढवणारं औषध सुरू करून चार दिवस झाले, काउंट जागचा हललेला नाही. तुम्ही विचारलंय, "कारखाने वाढलेत तर माल जातो कुठे? आणि अपरिपक्व पेशी म्हणजे ब्लड कॅन्सरची सुरुवात तर नाही?" शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस द्या म्हणतायत, त्याचंही विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताच्या आणि बोन मॅरोच्या स्लाइड्स वाचणं हेच माझं रोजचं काम. तुमच्या बहिणीची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान बरोबर की चूक हे मी इथून सांगू शकत नाही, आणि औषधाचा डोस हा तर तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचाच (रक्तविकारतज्ज्ञांचाच) प्रांत. पण रिपोर्टातल्या त्या तीन ओळींचा अर्थ मात्र नीट सांगता येईल. त्यासाठी ही पेशी वाढते कशी हे समजून घ्यावं लागेल, कारण तुमच्या चारही शंकांचं मूळ तिथेच आहे.

मॅरोची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की आधी कमी पॉवरच्या लेन्सने पाहायचं, आणि त्या वेळी नजर सगळ्यात आधी मेगाकॅरिओसाइट शोधते. मॅरोतली ही सगळ्यात मोठी पेशी. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, ही ५० ते १०० मायक्रॉनची. संख्येने मात्र फार थोडी, मॅरोतल्या हजार पेशींत एकही भरत नाही. तरी निरोगी माणसात रोज सुमारे १०० अब्ज प्लेटलेट तयार होतात, त्या याच मूठभर पेशींपासून. एकेका मेगाकॅरिओसाइटमधून हजारांच्या हिशोबाने प्लेटलेट सुटतात. एवढं उत्पादन द्यायचं तर पेशीला आधी तेवढं मोठं व्हावं लागतं, आणि ती मोठी होण्याची रीत इतर पेशींहून अगदी वेगळी आहे.

एरवी पेशी वाढते, तिचा डीएनए दुप्पट होतो आणि एकीच्या दोन होतात. मेगाकॅरिओसाइटचे पूर्वजही सुरुवातीला असेच विभागून संख्या वाढवतात. मूळ स्टेम सेलपासून निघालेली ही शाखा बराच काळ लाल पेशींच्या शाखेसोबतच चालते. लोह कमी असलेल्या बायकांच्या आणि मुलांच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ८ आणि प्लेटलेट ५-६ लाख असं चित्र आम्हाला नेहमी दिसतं, त्यामागे हे एकाच मुळाचं नातं आहे असं आता मानलं जातं. असो. एका टप्प्यानंतर मात्र या पेशी विभागणं सोडून देतात. डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रं वेगळी व्हायला लागतात, पेशीला मध्ये खाच पडायलाही सुरुवात होते, आणि तिथून पेशी माघार घेते. खाच बुजते, सगळा डीएनए पुन्हा एकाच केंद्रकात राहतो. मग पुन्हा दुप्पट, पुन्हा माघार. साध्या पेशीत गुणसूत्रांचे २ संच असतात. इथे ४, ८, १६, ३२ असं वाढत काही पेशी ६४ पर्यंत जातात. माणसाच्या मॅरोत १६ संचांच्या पेशी सगळ्यात जास्त सापडतात. शास्त्रात याला एंडोमायटोसिस म्हणतात.

म्हणूनच परिपक्व मेगाकॅरिओसाइटचं केंद्रक अवाढव्य आणि गाठीगाठींचं दिसतं. त्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात, हे महत्त्वाचं. मॅरोत आणखी एक मोठी पेशी अधूनमधून भेटते, हाड विरघळवणारी ऑस्टिओक्लास्ट. तिची केंद्रकं सुटी सुटी असतात. नवशिक्यांची गल्लत होते ती इथेच.

केंद्रक वाढतं तेव्हा भोवतालचा पेशीद्रवही बदलत असतो. कोवळ्या पेशीत तो थोडासा आणि गडद निळा असतो. हळूहळू तो पसरतो, फिकट गुलाबी होतो आणि त्यात जांभळट बारीक कण दिसायला लागतात. या कणांत रक्त गोठवायला लागणारं सामान भरलेलं असतं: व्हॉन विलेब्रँड फॅक्टर पेशी स्वतः बनवते, फायब्रिनोजेन बाहेरच्या रक्तद्रवातून आत ओढून घेते. याच काळात पेशीचं आवरण आतल्या बाजूला वळून त्याच्या घड्यांचं दाट जाळं तयार होतं. पुढे हजारो प्लेटलेटना आवरण लागणार असतं, त्याचा हा साठा. हा सगळा प्रवास माणसात साधारण पाच दिवसांचा. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तयार पेशी मॅरोतल्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, भिंतीतून लांबलचक धागे आतल्या प्रवाहात सोडते आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने त्या धाग्यांचे तुकडे होतात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. प्लेटलेट या पेशीपासूनच येतात हे बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवलं. त्यांनी स्वतःच बसवलेल्या रंगात मेगाकॅरिओसाइटमधले कण आणि प्लेटलेटमधले कण हुबेहूब सारखे दिसले, शिवाय पेशीचे ते फाटे रक्तवाहिनीत शिरलेलेही त्यांनी पाहिले. आपल्याकडच्या लॅबमध्ये लीशमनचा रंग जास्त चालतो, तो त्याच जातकुळीतला. हे सगळं फक्त मॅरोतच घडतं असंही नाही. २०१७ मध्ये उंदरांच्या फुप्फुसातही मेगाकॅरिओसाइट्स प्लेटलेट सोडताना थेट चित्रित झाल्या. माणसात फुप्फुसांचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही.

एक गंमत सांगते, तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. कधी कधी मेगाकॅरिओसाइटच्या पोटात एखादी पांढरी पेशी अख्खीच्या अख्खी, धडधाकट बसलेली दिसते. शिकाऊ डॉक्टर धावत येतात, "मॅडम, हिने ती खाल्ली!" खाल्लेली नसते. ती पांढरी पेशी आत शिरते आणि जशी शिरली तशी बाहेर निघूनही जाते.

आता मूळ मुद्दा. स्लाइडवर मेगाकॅरिओसाइट्स जास्त दिसल्या म्हणजे प्लेटलेट जास्त तयार होतायत, असं गणित मांडता येत नाही. शरीराची मागणी वाढली आहे एवढंच त्या संख्येवरून कळतं. माल किती निघतो, आणि निघाल्यावर तो किती टिकतो, हे दोन्ही स्लाइडवर दिसत नाही. तुमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर आयटीपीत गाडीही वाटेत लुटली जाते आणि यंत्रंही बिघडवली जातात.

लुटीची बाजू आधी समजली. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या एका रुग्णेचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्यांना फिटही आली. काही दिवसांनी काउंट आपोआप पूर्ववत झाला. रुग्णाच्या रक्तद्रवात प्लेटलेटचा नाश करणारं काहीतरी आहे, हे त्यातून दिसलं. ते म्हणजे अँटिबॉडी. निरोगी माणसात प्लेटलेट आठ ते दहा दिवस जगते. आयटीपीत अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेटना प्लीहा गाळून खाऊन टाकते, आणि त्यांचं आयुष्य तासांवर किंवा एखाद्या दिवसावर येतं.

पुढची कित्येक वर्षं आयटीपी म्हणजे नुसता नाश असंच शिकवलं गेलं. पण ज्या प्रथिनांवर ही अँटिबॉडी चिकटते तीच प्रथिनं मेगाकॅरिओसाइटच्याही अंगावर असतात, आणि ती पेशी पूर्ण वाढायच्या आधीपासून असतात. मग अँटिबॉडी तिला कशी सोडेल? २००३-०४ च्या सुमारास प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं. आयटीपीच्या रुग्णांचा रक्तद्रव घातल्यावर काही नमुन्यांत मेगाकॅरिओसाइट्सची वाढ खुंटली, परिपक्व होणाऱ्या पेशी कमी निघाल्या. म्हणजे तुमच्या बहिणीच्या रिपोर्टात जे लिहिलंय तेच. पेशी भरपूर, पण बऱ्याच जणी लहान, केंद्रकाच्या गाठी कमी, पेशीद्रव अजून निळसर, कण तुरळक.

याला आणखी एक पदर आहे, आणि एल्ट्रोम्बोपॅग का दिलं ते त्यातूनच कळतं. मेगाकॅरिओसाइट्सना वाढायला लावणारं संप्रेरक म्हणजे थ्रोम्बोपोएटिन. त्याचा पाठलाग बरीच वर्षं चालला होता, ते हाती लागलं १९९४ मध्ये. ते मुख्यतः यकृतात तयार होतं आणि बऱ्याच अंशी एकाच गतीने तयार होत राहतं. रक्तात ते किती उरेल हे ठरतं ते शोषून घेणारे किती आहेत त्यावर. प्लेटलेट आणि मेगाकॅरिओसाइट्स दोघीही ते आपल्या अंगावरच्या रिसेप्टरने पकडतात आणि गिळून टाकतात. अप्लास्टिक अॅनिमियात, म्हणजे मॅरोच रिकामी पडते त्या आजारात, प्लेटलेटही नाहीत आणि मेगाकॅरिओसाइट्सही नाहीत, तेव्हा थ्रोम्बोपोएटिन भरमसाट साचतं. आयटीपीत तसं होत नाही. मॅरोत मेगाकॅरिओसाइट्सची गर्दी असते, नव्या प्लेटलेट येतात आणि संप्रेरक घेऊनच नष्ट होतात. त्यामुळे काउंट १४ हजार असूनही थ्रोम्बोपोएटिन जेमतेम नेहमीइतकं किंवा किंचित जास्त असतं. मॅरोवर रेटा असतो, पण गरजेच्या मानाने तोकडा. तो रेटा बाहेरून वाढवणं हेच एल्ट्रोम्बोपॅगचं काम. ते त्याच रिसेप्टरला चिकटतं, पण वेगळ्या जागी, त्यामुळे शरीराच्या थ्रोम्बोपोएटिनशी त्याची जागेवरून झटापट होत नाही.

इथवर जुळवून पाहिलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: प्लेटलेट तयार होतात त्या लवकर मरतात, शिवाय जेवढ्या तयार व्हायला हव्यात तेवढ्या होतही नाहीत, आणि मेगाकॅरिओसाइट्सची वाढलेली संख्या या दोन्हींच्या आड येत नाही.

'अपरिपक्व' या शेऱ्याने पोटात गोळा येणं साहजिक आहे, पण ल्युकेमियात (ब्लड कॅन्सरमध्ये) आम्ही ज्या अपरिपक्व पेशी मोजतो त्या ब्लास्ट, म्हणजे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रक्तपेशी. त्या वाढल्या असत्या तर रिपोर्टात त्यांची टक्केवारी ठळक लिहिलेली असती. रिपोर्ट काढून बघा, ब्लास्टपुढे ५ टक्क्यांहून कमी असा आकडा असेल तर त्या दिशेची काळजी बरीच कमी होते. मेगाकॅरिओसाइट अपरिपक्व असणं म्हणजे ती अर्ध्या वाटेवर आहे, इतकंच. मागणी वाढली की मॅरोत कोवळ्या पेशींचं प्रमाण वाढतंच.

मग स्लाइडवर मला कशाने खटकलं असतं? संख्येपेक्षा आकाराने. केंद्रकाच्या गाठी जोडलेल्या नसून छोटी गोल केंद्रकं सुटी पडलेली. किंवा पेशी लिम्फोसाइट या छोट्या पांढऱ्या पेशीपेक्षा थोडीच मोठी, एकच गोल केंद्रक, पण पेशीद्रव मात्र पूर्ण पिकलेला, कणांनी भरलेला. अशी ठेंगणी मेगाकॅरिओसाइट ही कोवळ्या पेशीहून निराळी चीज आहे. कोवळीचं केंद्रक आणि पेशीद्रव दोन्ही लहानच असतात. हिचा पेशीद्रव पुढे गेलेला आणि केंद्रक मागे राहिलेलं. अशा पेशी पुष्कळ दिसल्या तर मायलोडिस्प्लाझियाचा, म्हणजे मॅरोतल्या पेशींची घडणच बिघडते त्या आजाराचा, विचार करावा लागतो, आणि तेव्हा बहुधा लाल किंवा पांढऱ्या पेशींतही गडबड असते. तुमच्या बहिणीचे बाकी काउंट ठीक आहेत, वय ३१ आहे, म्हणजे हे संभवनीय नाही. पण रिपोर्टात 'डिसप्लास्टिक' किंवा 'मायक्रोमेगाकॅरिओसाइट' असा शब्द असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

प्लेटलेट सुटताना दिसत नाहीत, या तिसऱ्या ओळीला मी स्वतः फारसं वजन देत नाही. प्लेटलेट खऱ्या अर्थाने सुटतात त्या रक्तवाहिनीच्या आत. सुईने ओढून काढलेल्या, काचेवर पसरलेल्या पेशीत ते दिसणं हा योगायोगाचा भाग, निरोगी मॅरोतही ते कमीच दिसतं. हे वाक्य वर्षानुवर्षं रिपोर्टांत लिहिलं जातं, म्हणून अजूनही लिहिलं जातं.

आयटीपी हे निदान बाकीच्या शक्यता वगळून केलं जातं. मॅरोत मेगाकॅरिओसाइट्स भरपूर आणि रक्तात प्लेटलेट कमी, असं चित्र आणखीही काही गोष्टींत दिसतं. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, सर्रास आढळते. तिच्यात केंद्रकाची वाढच अडते. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, वाढलेली प्लीहा, काही औषधं हेही पाहावं लागतं. बहुतेक हे झालेलं असेल, तरी फाइलमध्ये तपासा. शिवाय दोन गोष्टी लॅबकडून समजून घ्या. पहिली, काउंट मशीनचाच आहे की कुणी स्लाइड डोळ्यांनी पाहिली? काही माणसांच्या प्लेटलेट जांभळ्या झाकणाच्या बाटलीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. निळ्या झाकणाच्या सायट्रेट बाटलीत पुन्हा रक्त घेतलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. तुमच्या बहिणीला अंगावर ठिपके आलेत, त्यामुळे तिच्या बाबतीत काउंट खराच कमी असणार. पण हा पडताळा एकदा व्हायलाच हवा. दुसरी, स्लाइडवर प्लेटलेट किती मोठ्या आहेत? आयटीपीत काही मोठ्या दिसतात, त्या नव्या असतात. पण बहुतेक सगळ्याच लाल पेशीएवढ्या दिसत असतील तर जन्मजात प्रकार लक्षात घ्यावा लागतो, ज्यात मेगाकॅरिओसाइट मोठी होते पण तिच्यापासून प्लेटलेटचे नीट तुकडे पडत नाहीत. अशा माणसांना वर्षानुवर्षं आयटीपी समजून स्टेरॉइड दिलं जातं. म्हणून जुना एखादा रिपोर्ट शोधा. नोकरीला लागतानाची मेडिकल, बाळंतपणातली फाइल, काहीही चालेल. पूर्वी कधी तरी काउंट २ लाखांवर होता एवढं सिद्ध झालं की जन्मजात प्रकार बाद.

पपईचा रस. ही सगळी ख्याती डेंग्यूतून आलेली आहे. डेंग्यूत विषाणू मॅरोला काही दिवस दाबून ठेवतो आणि प्लेटलेटचा नाशही होतो. ताप उतरल्यावर मॅरो स्वतःहून उसळी घेते आणि काउंट झपाट्याने चढतो. रस बहुधा त्याच सुमाराला पाजलेला असतो. आयटीपीत अँटिबॉडी तशीच राहते. काकूंना दुखवू नका, पण रस देऊ नका. एल्ट्रोम्बोपॅगवर असताना यकृताच्या चाचण्या नियमित होतात, आणि त्या बिघडल्या तर दोष औषधाचा की पाल्याचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

राहिले ते चार दिवस. एल्ट्रोम्बोपॅग तयार प्लेटलेट देत नाही, ते कोवळ्या पेशींना वाढीला लावतं. त्या पेशींनी आधी संख्या वाढवायची, मग डीएनए दुप्पट करत जायचं, मग पेशीद्रव पिकवायचा, मग रक्तवाहिनीशी पोहोचायचं. वर सांगितलेले पाच दिवस त्यातच जातात. त्यामुळे चौथ्या दिवशी काउंट न हलणं हे अपेक्षितच आहे. साधारण दुसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो, आणि डोस वाढवायचा का हे डॉक्टर त्यानंतर ठरवतात. तोवर रोज काउंट करून जीव टांगणीला लावू नका, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच करा.

मात्र गोळी कशाबरोबर घेतली जाते हे आजच विचारा. दूध, दही, पनीर, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, अॅसिडिटीचं पातळ औषध यांपैकी काहीही जवळपास असलं की एल्ट्रोम्बोपॅग पोटातच बांधलं जातं, रक्तात पोहोचत नाही. या वस्तूंच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर गोळी घ्यायची असते. सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर गोळी घेणारे पुष्कळ असतात. रात्री जेवणानंतर चार तास थांबणं जमत नसेल तर पहाटे उठल्या उठल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दोन तासांनी, हे बऱ्याच जणांना जमतं. स्टेरॉइडसोबत कॅल्शियमच्या गोळ्या बहुतेकांना दिलेल्या असतात, त्या जेवणाबरोबर दुपारी सरकवता येतील का हे डॉक्टरांना विचारा.

दरम्यान अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. दंडावर-कमरेवर इंजेक्शन नको. नवीन तीव्र डोकेदुखी, काळी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त किंवा तोंडात रक्ताचे फोड यांतलं काहीही दिसलं तर काउंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. रिपोर्टातल्या मेगाकॅरिओसाइट्सच्या वर्णनाची पूर्ण ओळ आणि ब्लास्टचा आकडा टाकलात, नाव-गाव झाकून, तर आणखी सांगता येईल.